आधी डॉक्टर, मग पोलीस

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर पोलीस कशाला, असे काही वाचक विचारतील. सण असला म्हणून आजार सुट्टीवर जात नाही, एवढेच उत्तर आहे. तरणा मुलगा मध्यरात्री आरडाओरडा करत सामान फेकू लागला की घरचे हबकतात, शेजारी ११२ फिरवतात. त्याला आधीच भास होत असतो, की पोलीस आपल्या मागावर आहेत. आणि दार उघडले की समोर खरेच पोलीस! आजाराला याहून मोठा पुरावा काय हवा? गल्लीच्या लेखी तर तो तेव्हापासून रुग्ण उरत नाही, आरोपी होतो.

कायद्याला हे अपेक्षित नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०० रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या रुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घ्यावे, असे सांगते. २४ तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे. कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचे नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून नातलग शोधायचे. हे मनापासून करणारे हवालदार आहेत. सगळे खापर खाकीवर फोडणे म्हणूनच आम्हाला मान्य नाही. पोलिसांना या कामाचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी त्याच कायद्याने सरकारवर टाकली आहे.

खरी गोम कलम ९४ मध्ये आहे. जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णाचा प्रतिनिधी हजर असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. रुग्णालयात हलवणेही त्यातच आले. मानसोपचारतज्ज्ञच हवा, अशी अट नाही. मग छातीत कळ आली की १०८, आणि मन बिघडले की पोलीस, हा भेद कुणी केला? राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. नंदुरबारच्या आईबापांनी रात्री कुठे जायचे?

हातात कोयता असेल तर पोलीस हवेतच. पण डॉक्टरच्या मागे, उंबऱ्याबाहेर. आजाऱ्याला वर्दीच्या धाकाने गप्प करणे म्हणजे उपचार नव्हेत.

२०२२ पासून सुरू असलेली ‘टेली-मानस’ ही सरकारी मदतवाहिनी चोवीस तास, विनामूल्य बोलते. तिचा क्रमांक १४४१६. तो फोनमध्ये नोंदवून ठेवा. आणि फराळाला आमदार भेटलेच तर विचारा, रात्री घरी येणारे मानसिक आरोग्य पथक आपल्या तालुक्याला कधी मिळणार?