उसना गेम परत जातो

वस्तीत आरोग्य तपासणी ठेवली की आयांची एक तक्रार ठरलेली असते: "ताई, पोरगं मोबाईल सोडत नाही." काय खेळतो विचारले तर, "फुकटचाच गेम आहे." फुकटच्या गेमला शेवट नसतो, दुखणे तिथेच आहे. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस जाते, आणि थोडे दिवस गेले की पैसे मागतो.

उसन्या आणलेल्या गेमचे तसे नसते. तो आठ दिवसांत परत द्यावा लागतो. टीव्हीला जोडून चार पोरे एकत्र खेळतात, भांडतात, नंबर लावतात, आणि आईलाही दिसते काय चालले आहे.

आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी मिळून जुना प्लेस्टेशन घेतला. नव्या गेमची डिस्क चार-पाच हजारांची, ती कोण घेणार? डाउनलोड केलेला गेम घेणाऱ्याच्या खात्याला बांधलेला असतो, उसना देता येतो तो डिस्कचाच. पोरांनी जवळपासच गेम उसने देणारी एक ऑनलाइन सोय शोधली. डिस्क आहे म्हणाले. पत्ता विचारला, वस्तीचे नाव ऐकले आणि "आत्ताच दुसऱ्याला दिली" असे उत्तर आले. दुसऱ्या दिवशी तीच डिस्क यादीत होती. पुढच्या वेळी मामाचा पत्ता देऊ, असे चौदा वर्षांचा मुलगा म्हणाला. आरोग्याच्या पानावर हे कशाला, असे कोणी म्हणेल. या वयात पोराला आपला पत्ता लपवावासा वाटतो, हे आम्ही आजारपणच समजतो.

म्हणून युवक मंडळाने आपलाच व्हॉट्सॲप ग्रुप केला. डिस्कचा फोटो टाकायचा, देवाणघेवाण रविवारी वंदनेनंतर विहारात. डिपॉझिट नाही. काही ज्येष्ठ उपासक रागावले, विहारात गेम कशाला म्हणून. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. पण नोंद वाचनालयाच्याच रजिस्टरात होते, त्यामुळे पोरगा निदान पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहतो. पुस्तक नेतोच असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली गेमचे व्यसन आजारांच्या वर्गीकरणात घेतले, ते 2022 पासून लागू आहे. पण खेळणारे प्रत्येक पोर रोगी नव्हे. खेळावर ताबा राहत नाही, शाळा-जेवण-झोप मागे पडते, नुकसान दिसूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालते, तेव्हा तो आजार. अशा पोराला मारू नका, सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. ज्याला फिट येतात त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू देऊ नका, झगमगत्या प्रकाशाने काहींना झटका येतो. बऱ्याच डब्यांच्या कोपऱ्यात 3, 7, 12, 16 किंवा 18 असा आकडा असतो. ते वय आहे. 18 चा डबा दहा वर्षांच्या हातात देणाऱ्या मोठ्या भावाला आम्ही रजिस्टरसमोर उभे करून विचारतो.

परवा ते रजिस्टर चाळले. मुलींची नावे दोनच. बाकीच्या कुठे आहेत विचारले, तर पोरे खेळतात त्या वेळी त्या नळावर असतात. पुढच्या रविवारी महिला मंडळात आम्ही हाच विषय काढणार आहोत.