कुंडीवरचे जुने धोतर



गोंदिया जिल्ह्यातील चिचगडसारख्या जंगलालगतच्या गावी मार्गशीर्ष-पौषातल्या रात्री किती गारठतात, हे तेथील मुलांना सांगायला नको. क्रोटन, कोलियस, डिफेनबेकिया ही उष्ण प्रदेशातली शोभेची झाडे. पाणी गोठण्याइतकी थंडी त्यांना लागतच नाही. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली रेंगाळले, तरी त्यांची पाने काळवंडून गळू लागतात. मग आपण म्हणतो, "यंदा थंडी फार पडली." माझ्या मते दोष थंडीइतकाच आपल्या अर्धवट ज्ञानाचाही आहे.

मी स्वतः भौतिकशास्त्र शिकवतो. तरी एका अंगणात क्रोटनभोवती चार काड्या रोवून वर जुने धोतर ताणलेले पाहिले, तेव्हा मला हसू आले. झाडाच्या अंगात ऊब थोडीच असते, की पांघरुणाने ती टिकावी?

पुढे वाचनात आले, की लंडनचे डॉ. विल्यम वेल्सही माळ्यांच्या अशा पातळ आच्छादनांना हसत असत. पण त्यांनी प्रयोग केला. गवतात चार काड्या रोवून सहा इंच उंचीवर एक तलम रुमाल ताणला. स्वच्छ रात्री रुमालाखालचे गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा उबदार निघाले! १८१४ साली दवावरील निबंधात त्यांनी आपली चूक मोकळेपणाने कबूल केली.

कारण सोपे आहे. प्रत्येक वस्तू उष्णतेचे प्रारण करते. निरभ्र आकाशाकडून त्याची पूर्ण परतफेड होत नाही. म्हणून उघडे पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. मध्ये कापड आले, की ते पानाची उष्णता शोषते आणि बरीचशी परत देते. म्हणजे झाडाला घोंगडी नको, छप्पर हवे.

दुसरी गोष्ट आपल्या पुण्यातली. डॉ. एल. ए. रामदास यांनी १९३२ च्या सुमारास दाखवून दिले, की निवांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवरची सर्वांत थंड हवा जमिनीला लागून नसते. ती वीत-दीड वीत वर असते. कुंडीतले रोप नेमके तेथेच! वेधशाळेचा तापमापक मात्र सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. वर्तमानपत्रातला आकडा पानाचा नव्हे, तो असा.

तेव्हा कुंड्या पडवीत, दिवसा उन्हाने तापणाऱ्या भिंतीशी ठेवा. बाहेरच्या रोपांवर बांबू व धानाच्या तणसाचा मांडव घाला आणि सकाळी ऊन येताच तो काढा. प्लॅस्टिक वापरलेच, तर ते पानांना टेकू देऊ नका. पाणी बेताने आणि सकाळी द्या. थंड, चिखलट मातीत मुळे कुजतात. पालापाचोळा जाळून धूर करू नका. धुराचे बारीक कण हे प्रारण फारसे अडवत नाहीत. खोकला मात्र देतात.

शिक्षकांना माझी विनंती आहे. उष्णतेचा धडा फळ्यावरच संपवू नका. दोन सारखे तापमापक घ्या. रात्री एक ताणलेल्या रुमालाखाली आणि दुसरा उघड्यावर, एकाच उंचीवर ठेवा. सूर्योदयापूर्वी मुलांनाच आकडे वाचू द्या.

आजीच्या किंवा माळीदादांच्या रीतीत खुळेपणाही असू शकेल. पण आधी मोजावे आणि मगच हसावे. मी उलट केले होते.