ओंडक्यावर बंदी, करवत मात्र चालू

लाकूड ओंडक्यानं विकायचं की आपल्याच देशात चिरून, फळ्या करून विकायचं? एवढ्याशा दिसणाऱ्या प्रश्नावर युक्रेन आणि शेजारचं युरोपियन युनियन थेट लवादापर्यंत गेले. युद्धाच्या बातम्यांत हे प्रकरण मागे पडलं, पण आम्हाला ते आपल्याही कामाचं वाटतं.

युक्रेनने २००५ मध्ये अक्रोड, चेरी अशा मोजक्या मौल्यवान झाडांच्या कच्च्या लाकडाची निर्यात बंद केली. २०१५ मध्ये तर सगळ्याच ओंडक्यांवर १० वर्षांची बंदी घातली. पाईनसाठी ती १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. सांगितलं काय, तर जंगल वाचवायचंय. कार्पेथियन डोंगरात चोरटी तोड होत होती, हे खरंच आहे. पण ओंडका सीमेपलीकडच्या गिरणीत गेला की मजुरीही तिकडेच जाते, हा हिशेबही त्यामागे होता.

युरोपियन युनियनने २०१४ च्या कराराकडे बोट दाखवलं. त्यात निर्यातबंदी करायची नाही असं ठरलं होतं. मदतीच्या कर्जाचा ६० कोटी युरोचा हप्ता अडला, त्याच्या न पाळलेल्या अटींत ही बंदीही होती. जंगल युक्रेनचं, गरज युरोपच्या कारखान्यांची आणि दबाव पैशाचा! हे आम्हाला तरी इन्साफाचं वाटलं नाही.

तरीही ११ डिसेंबर २०२० चा लवादाचा निकाल एकतर्फी म्हणता येत नाही. २००५ ची बंदी त्यांनी योग्य ठरवली, कारण ती दुर्मिळ झाडांच्या रक्षणासाठी होती. २०१५ ची मात्र टिकली नाही. जंगल वाचवायचं म्हणता, तर देशातल्या वापरालाही तसाच लगाम हवा ना? युक्रेनने २०१८ मध्ये देशांतर्गत वापराला वर्षाला अडीच कोटी घनमीटरची मर्यादा घातली होती, पण लवादाचं त्याने समाधान झालं नाही. झाडाला काय, ते कोणत्या देशाच्या करवतीखाली पडलं याचा फरक पडत नाही.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात वेगळी वाट धरली. ईशान्येच्या सात राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यावर बंदी आलीच, शिवाय अरुणाचलच्या तिरप आणि चांगलांगमधल्या सॉ मिल आणि प्लायवूडच्या गिरण्याही बंद करायला सांगितल्या. एवढंच नाही, तिथल्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या आत, शेजारच्या आसाममधल्या गिरण्यासुद्धा. म्हणजे एका राज्याचं जंगल वाचवायला दुसऱ्या राज्यातली करवत थांबवली.

त्या गिरण्यांत राबणाऱ्या मजुरांचं काय, हा प्रश्न तिथे उरलाच. युक्रेनमध्ये बंदी रोजगारासाठी होती आणि नाव जंगलाचं होतं. आसामात जंगलासाठी रोजगार गेला. मजुराला पर्यायी काम देण्याची जबाबदारी कोणाची, हे ना लवादाला विचारलं गेलं, ना त्या आदेशाने ते मिटलं.