बाळंतिणीची ॲलर्जी आणि सर्दीची गोळी

दिवाळीनंतर जळगाव-धुळ्याकडच्या कपाशी लावणाऱ्या घरांत एखादी खोली कापसाने आढ्यापर्यंत भरलेली असते. 2022-23 च्या हंगामात तर भाव चढेल या आशेने अनेकांनी महिनोन्‌महिने कापूस घरातच ठेवला आणि अंगाला खाज सुटल्याच्या, पुरळ उठल्याच्या तक्रारी गावोगावी ऐकू आल्या. त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक असते. बांधावर गाजर गवत फुललेलं असतं. 1955 च्या सुमारास पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत आता खान्देशच्या प्रत्येक पडीक तुकड्यावर आहे. त्याचे परागकण नाकाला झोंबतात, पानं कातडीला. बाळंतीण सकाळी उठते ती शिंकतच. डोळे चोळून लाल, नाक चोंदलेलं आणि मांडीवर भुकेलं बाळ.

अशा वेळी घरातून सल्ले येतात. कुणी म्हणतं, ‘सोस थोडं, गोळीचा अंश दुधात उतरतो.’ कुणी म्हणतं, ‘गोळी घे आणि चार दिवस बाळाला वरचं दूध लाव.’ दोन्ही मायेपोटीच सांगितलेलं असतं, पण दोन्हींत नुकसान आहे. आधीच रात्रीची झोप नसलेली आई ॲलर्जीने आणखी थकते. दमा असेल तर तो उसळतो. आणि पाजणं तोडलं की छाती दाटते, गाठी होतात, दूध ओसरायला लागतं. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आपल्या आशाताई दारोदार पोचवतात. एका साध्या सर्दीपायी ते मोडायचं कारण नाही.

मला जास्त काळजी वाटते ती मेडिकलवरच्या खरेदीची. जळगावात एका दुकानात मी उभी असताना एक तरुण आला. ‘बहिणीला सर्दी झालीय, गोळी द्या. बाळंतीण आहे,’ म्हणाला. दुकानदाराने कात्रीने पट्टीतून चार गोळ्या कापल्या आणि पुडीत टाकून दिल्या. बाळ किती दिवसांचं, अंगावर पितं का, एक शब्द विचारला नाही. मी त्या मुलाकडून ती पट्टी पाहायला घेतली. तिच्यावर नाव अर्धंच होतं. घटक छापलेला भाग दुकानातच राहिला होता.

सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत तीन-तीन औषधं एकत्र असतात: तापासाठी पॅरासिटामॉल, शिंकांसाठी क्लोरफेनिरामाइन आणि नाक मोकळं करायला फेनिलेफ्रिन. क्लोरफेनिरामाइनने आईला गुंगी येते आणि त्याचा अंश बाळालाही सुस्त करू शकतो. नाक मोकळं करणाऱ्या औषधांनी दूध कमी होण्याचा धोका असतो. स्यूडोएफेड्रिन हे त्याच जातीचं औषध. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या अभ्यासात त्याच्या 60 मिलिग्रॅमच्या एकाच गोळीने दिवसभराचं दूध सरासरी 24 टक्क्यांनी घटलं होतं. क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनची जोडगोळी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला. दुधातून जाणारा अंश थेट पाजलेल्या औषधापेक्षा फार कमी असतो, हे खरं. पण त्याहून निर्धोक औषध हाताशी असताना ही जोखीम घ्यायची कशाला?

आणि निर्धोक औषधं आहेत. लोरॅटॅडिन आणि सेटिरिझिन या गोळ्या अंगावर पाजणाऱ्या आईला डॉक्टर नेहमी देतात. दोन्ही दुधात अगदी थोड्या उतरतात. लोरॅटॅडिनचा अंश बाळाच्या वजनाच्या हिशोबाने आईच्या डोसच्या जेमतेम एक टक्का भरतो. नुसतं नाकच त्रास देत असेल तर ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा नाकात मारायचा फवारा आणखी बरा, कारण तो रक्तात नगण्य जातो. दम्याचा पंप बाळंतपणात बंद करू नये. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध मात्र घरात नकोच. बाळाच्या श्वासावर परिणाम होऊ शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही 2017 मध्ये पाजणाऱ्या आयांना ते टाळायला सांगितलं.

बाळाला पाजून झाल्यावर आईने लगेच गोळी घ्यावी, शक्यतो त्याच्या मोठ्या झोपेआधी. मग दोन दिवस बाळाकडे लक्ष ठेवावं. ते नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, ओढून पीत नाही, लघवी कमी झालीय, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञ गाठावा. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा महिना-दोन महिन्यांच्या आतलं असेल तर विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये. आईचे ओठ-चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर गोळीची वाट न बघता थेट दवाखाना. तिथे दिलेल्या तातडीच्या उपचारांना पाजणं आड येत नाही.

घरच्यांनाही करण्यासारखं आहे. कापसाची खोली आणि बाळंतिणीची खोली शक्य तितकी लांब ठेवा. वेचणीहून आलेल्याने हातपाय धुऊन, कपडे बदलूनच बाळाला घ्यावं. गोधड्या कडक उन्हात टाका. अंगणातलं गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटा. ते काम बाळंतिणीला सांगू नका.

आणि बायांनो, डॉक्टरसमोर बसल्यावर आणि मेडिकलच्या काउंटरवरही पहिलं वाक्य हेच बोला: ‘मी बाळाला अंगावर पाजते.’ कुणी विचारण्याची वाट बघू नका. औषध एकाच घटकाचं मागा, घटकाचं नाव वाचता येईल अशी पट्टी मागा आणि बिल घ्या. आईने औषध घ्यावं आणि बाळाने दूध प्यावं, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. त्यासाठी योग्य गोळी विचारून घ्यायला हवी, एवढंच.