म्हशीचं वेत विचारतो, गाडीची वही का नाही?

स्तंभ : चाकांचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यात म्हैस घ्यायची झाली, तर नुसती शिंगं आणि कातडीची चकाकी बघून कुणी पैसे मोजत नाही. दात बघतात, कितवं वेत ते विचारतात, सडं दाबून बघतात आणि दोन वेळचं दूध समोर काढून घेतात. एकाच धारेवर विश्वास ठेवत नाहीत, कारण विकणारा आदल्या वेळचं दूध तुंबवून कास मोठी दाखवू शकतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जाणता माणूस दूध संस्थेचं पुस्तकही मागतो. त्यात लिटर आणि फॅट रोजच्या रोज लिहिलेलं असतं, आणि लिहिणारा म्हशीचा मालक नसतो. याच जिल्ह्यात जुनी स्पोर्ट्स कार मात्र एका संध्याकाळी उजळाईवाडीच्या रस्त्यावर चक्कर मारून, एक्झॉस्टचा आवाज ऐकून घेतली जाते. इसाराची रक्कम तिथंच दिली जाते आणि सर्व्हिसची फाइल ‘मागाहून देतो’ या शब्दावर राहते. माझं म्हणणं असं, की जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत आधी तिच्या सर्व्हिसच्या नोंदींवरून ठरावी. मॉडेल, रंग आणि किलोमीटर हे सगळं त्यानंतर. ही गोष्ट कुठल्याही गावात खरी आहे, पण कोल्हापुरात ती जास्त निकडीची आहे.

सगळ्यात मोठी फसगत किलोमीटरच्या आकड्यानं होते. घरच्या रोजच्या गाडीत कमी किलोमीटर म्हणजे कमी झीज, हे बऱ्याच अंशी बरोबर आहे. स्पोर्ट्स कार मात्र बहुतेकदा घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी असते. ती महिनोन्‌महिने उभी राहते आणि रविवारी सकाळी जोरात पळते. कंपनीचं वेळापत्रक ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी येईल ते’ असं लिहिलेलं असतं, आणि या गाड्यांत जवळजवळ नेहमीच महिने आधी येतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं, मग गाडी हलली असो वा नसो. इंजिन ऑइल वर्षातून एकदा. कूलंट, बॅटरी, रबरी होज, पट्टे आणि टायर यांचं वयही कॅलेंडरवर मोजलं जातं. समजा, २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस आठ वर्षांनी विकायला आली आणि मीटर १९,००० दाखवतो. आठ वर्षांत तिचं इंजिन ऑइल सात-आठ वेळा आणि ब्रेक ऑइल तीन-चार वेळा बदललेलं असायला हवं. फाइलमध्ये तीनच बिलं असतील, तर ती १९,००० किलोमीटरची गाडी मला दरवर्षी सर्व्हिस झालेल्या ५५,००० किलोमीटरच्या गाडीपेक्षा महाग वाटेल. अर्थात त्या दुसऱ्या गाडीचाही एक खर्च मी मोजेनच. या मॉडेलच्या ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सला ६०,००० किलोमीटरला गिअर ऑइल आणि फिल्टर लागतो. ५५,००० ला विकायला काढलेल्या गाडीचं ते बिल नव्या मालकाच्याच नावावर फाटणार, हे भाव ठरवताना धरलं पाहिजे.

यावर कोल्हापूरकराचं पहिलं उत्तर तयार असतं : आपला मिस्त्री बघून देतो की. हे उत्तर उडवून लावण्याजोगं नाही. म्हादबा मेस्त्रींसारख्या यंत्र-कारागिराचं नाव आजही आदरानं घेणारं हे गाव आहे. उद्यमनगरातल्या कारागिरांनी आधी यंत्रं दुरुस्त केली, मग ती स्वतः घडवली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींतलं ओतकाम देशभरच्या वाहन उद्योगाला जातं. इथला मुरलेला मिस्त्री हातात स्क्रू ड्रायव्हर धरून, त्याची मूठ कानाला लावून, कुठलं बेअरिंग बोलतंय ते सांगतो. प्रश्न त्याच्या कसबाचा नाही. त्याचा कान इंजिनाचं आजचं सांगतो, आणि स्पोर्ट्स कारमधले महागडे बिघाड मोडेपर्यंत आवाज करत नाहीत. मॅन्युअल गिअरच्या गाडीत जोरात असताना चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर चाकं इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. व्हॉल्व्ह आणि कनेक्टिंग रॉडवर आलेला तो ताण पुढं हजार किलोमीटर गप्प बसू शकतो. जुन्या फेरारी एफ-३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. तो पट्टा मुदत संपल्यावरही सुरळीत फिरत असतो आणि तुटतो त्या क्षणी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. असा पट्टा कधी बदलला, हे इंजिनाला कान लावून कुणालाच कळणार नाही. ते लिहिलेलं असेल तरच कळेल.

कोल्हापूरची निकड मी वर म्हटली, ती पाण्यामुळे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क परिसरात पाणी शिरलं आणि शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग बंद पडला. स्पोर्ट्स कार जमिनीलगत बसते, त्यामुळे इतर गाड्यांच्या दारापर्यंत येणारं पाणी तिच्या सीटपर्यंत पोहोचतं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी इतका थोडा, की सुकवल्यावर इंजिन पुन्हा चालू होतं आणि काही महिन्यांनी निकामी होतं. एअरबॅग आणि एबीएसच्या जोडण्यांतला गंज तर याहून सावकाश काम करतो. म्हणून या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या गाडीच्या फाइलमध्ये आधी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ नंतरची बिलं उघडावीत. वायरिंग, इसीयू (इंजिनाचा संगणक), स्टार्टर, अल्टरनेटर, कार्पेट, सीट यांपैकी दोन-तीन गोष्टी एकाच महिन्यात बदललेल्या दिसल्या, तर त्याचा अर्थ सरळ आहे. बिलंच नसतील, तर सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघावा. रोज बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेघ राहिलेली असते. स्टेपनीच्या खोबणीत गाळ आणि सीटच्या रुळांखालच्या बोल्टांवर गंज राहतो. गाडी सांगली, कोल्हापूर की चिकोडीच्या बाजूची, हे नंबर प्लेट सांगेल. त्या पंधरवड्यात ती कुठं उभी होती, ते मात्र विचारावंच लागेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : कागद खोटे असतात, शिक्के मिळतात, मीटर मागं फिरवून मिळतो, मग फाइलीवर भरवसा कसा ठेवायचा? एकाच कागदावर तो ठेवायचाच नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या चार ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की खोटं उघडं पडतं, कारण एक कागद बनवणं सोपं असतं, चार जुळवणं अवघड. पोर्शच्या अनेक मॉडेलमध्ये इंजिन किती तास चाललं आणि किती वेळा मर्यादेपलीकडं फिरलं, हे इसीयूत साठतं आणि अधिकृत सर्व्हिसमध्ये छापून मिळतं. मीटर २०,००० किलोमीटर आणि इंजिन २,००० तास म्हणत असेल, तर सरासरी वेग ताशी १० किलोमीटर निघतो. पुण्याच्या कोंडीतसुद्धा अशी सरासरी वर्षानुवर्षं टिकत नाही. म्हणजे मीटरला हात लागलेला आहे. पोर्शसारख्या गाडीला इथून सर्व्हिससाठी पुणे-मुंबई गाठावं लागतं. पुणं एका बाजूनं सुमारे २३० किलोमीटर. आठ वर्षांच्या आठ फेऱ्या धरल्या, तर नुसत्या सर्व्हिसच्या प्रवासाचेच पावणेचार हजारांच्या घरात किलोमीटर होतात. गाडी स्वतःच्या चाकांवर गेली असेल, तर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे टोलनाके फास्टॅगच्या उताऱ्यात त्याच तारखांना दिसायला हवेत. ट्रेलरवरून गेली असेल, तर त्याची पावती असायला हवी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. १२,००० किलोमीटरच्या गाडीला तिच्या वर्षानंतरचे, २०२३ चे टायर असतील, तर कंपनीचे मूळ टायर का गेले, हा प्रश्न रास्त आहे. विम्याची पॉलिसीही बोलते. क्लेम नसेल, तर नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. पाच वर्षं तोच मालक आणि बोनस शून्य, तर क्लेम कशाचा होता ते विचारायचं. एवढं ध्यानात ठेवायचं, की हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. मालक नवा असेल, तर ही खूण चालत नाही.

सरकारी नोंदीला तिची जागा आहे, पण तिच्याकडून तिचं नसलेलं काम मागू नये. ‘वाहन’ प्रणालीत मालक कितवा, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे कळतं. सर्व्हिस कळत नाही. आणि गाडीच्या मूळ ओळखीबद्दलच वाद निर्माण होऊ शकतो, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी डीसी अवंती या देशी स्पोर्ट्स कारबाबत गुन्हा नोंदवला. एकाच इंजिन आणि चासी क्रमांकाची गाडी दोन राज्यांत नोंदवली गेली आणि काही गाड्यांवर एकाहून जास्त कर्जं उचलली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे. तरीही चासीवर कोरलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचून आरसीशी, पॉलिसीशी आणि प्रत्येक सर्व्हिस बिलाशी ताडून बघायला पाच मिनिटं पुरतात, आणि ती पाच मिनिटं या प्रकरणानंतर कुणी वाचवू नयेत.

‘फसवलं तर कोर्ट आहे’ असं म्हणणाऱ्यांनी १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७ आणि १९ वाचावं. नुसतं गप्प राहणं ही सहसा फसवणूक ठरत नाही. बोलण्याचं कर्तव्य असेल, तर ते मौन फसवणुकीत मोडतं. आणि तशा फसव्या मौनावर बोट ठेवून करार मोडायला गेलात, तरी साधी काळजी घेऊन सत्य कळण्याजोगं होतं का, हे पाहिलं जातं. सर्व्हिस सेंटरला गाडीचा क्रमांक देऊन विचारता आलं असतं आणि विचारलं नाही, तर दोष आपल्या अंगावर येतो. म्हणून प्रश्न लेखी विचारावेत, व्हॉट्सॲपवर चालेल : गाडी पाण्यात गेली होती का, मोठा अपघात आहे का, इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललं आहे का, ट्रॅकवर चालवली आहे का. मालकानं लेखी ‘नाही’ म्हटलं आणि ते खोटं निघालं, की तिथं मौन राहत नाही. ते खोटं विधान होतं. सर्व्हिस सेंटर तिऱ्हाइताला माहिती देत नाही, ही अडचण खरी आहे आणि योग्यही आहे. त्यावर उपाय मालकाला सोबत घेऊन जाणं हा. यायला जो मालक तयार होत नाही, त्यानं उत्तर दिलंच आहे.

घाईचं कारणही नेहमी पुढं येतं : इतकं बघत बसलो, तर गाडी दुसरा घेऊन जाईल. जाऊ द्यावी. नोंद नसलेली गाडी घेऊच नये, असं मी म्हणत नाही. चुकलेली प्रत्येक सर्व्हिस आजच्या दरानं मोजावी, ती बेरीज मागितलेल्या किमतीतून वजा करावी, आणि जे कळूच शकत नाही त्याच्यासाठी आणखी रक्कम राखून ठेवावी. त्यानंतर उरलेल्या भावाला मालक तयार असेल, तर सौदा डोळसपणानं झाला. वय हा गाडीचा शत्रू नाही, हयगय आहे, हे दसरा चौकात छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक पाहणाऱ्या कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो : शोरूममध्ये नको ते बदलायला लावतात, बाहेरचा मिस्त्री निम्म्या पैशांत जास्त चांगलं काम करतो, मग फाइल नाही म्हणून त्याच्या कामाची किंमत शून्य का? ती शून्य धरली जाते, हे खरंच अन्यायाचं आहे, आणि तो दूर करणं गॅरेजवाल्यांच्याच हातात आहे. शिक्का कंपनीचाच हवा, असा माझा आग्रह नाही, नोंद हवी. उद्यमनगरातल्या गॅरेजनं प्रत्येक कामाच्या बिलावर पाच गोष्टी लिहाव्यात : तारीख, मीटरचा आकडा, चासी क्रमांक, तेलाचा ग्रेड आणि बदललेल्या पार्टचा नंबर. मालकानं ते बिल खोक्यात न टाकता फाइलला लावावं. आज ज्यांच्या गाड्यांना फाइल नाही, त्यांनी याच आठवड्यात आपल्या मिस्त्रीकडं जाऊन, त्याला आठवतं तेवढं त्याच्या सहीनं लिहून घ्यावं आणि पुढच्या तेल बदलापासून नीट नोंद सुरू करावी. दूध संस्थेच्या पुस्तकाला भाव आहे, कारण ते रोज भरलं जातं. गाडीच्या वहीलाही तो भाव येईल, पण ती विकायच्या दिवशी लिहून चालणार नाही.