कमाल मर्यादा कोणावर?

अंध वाचकांना डिजिटल पुस्तके पुरविणाऱ्या जगातील मोठ्या ग्रंथालयांत अमेरिकेतील ‘बुकशेअर’चा समावेश होतो. २००२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात आज दहा लाखांहून अधिक पुस्तके आहेत. ती संगणकाच्या आवाजात ऐकता येतात, ब्रेलमध्ये वाचता येतात, अक्षरे मोठी करून पाहता येतात. मात्र वैयक्तिक सभासदाने महिन्याला १०० पुस्तकेच उतरवून घ्यावीत, अशी मर्यादा या सेवेच्या नियमांत दीर्घकाळ राहिलेली आहे. या मर्यादेविषयी कोणी तक्रार केली, की डोळस माणसाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. महिन्याला शंभर पुस्तके वाचतो तरी कोण? एवढे विचारून प्रश्न निकालात निघाला, असे तो समजतो. वस्तुतः प्रश्न तेथे सुरू होतो.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात शेतमजुरांच्या वेतनावर प्रबंध लिहिणारी एखादी विद्यार्थिनी जाते, तेव्हा ती काय करते? ती मांडणीपुढे उभी राहते. तासाभरात चाळीस पुस्तके काढते, त्यांची अनुक्रमणिका पाहते, शेवटची सूची चाळते, एखाद्या तळटीपेवरून दुसऱ्या पुस्तकाचा माग काढते आणि अखेर तीन पुस्तके घेऊन घरी जाते. ग्रंथपालाच्या नोंदवहीत तीनच पुस्तके लागतात. उरलेली सदतीस तिने चाळली, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ठेवावा असे कोणाच्या मनातही येत नाही. तीच विद्यार्थिनी अंध असेल तर तिला मांडणी नाही. पुस्तक कशाविषयी आहे, ते उपयोगी आहे की नाही, एवढे समजण्यासाठीदेखील तिला ते बहुधा आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावे लागते. काही सेवांत पुस्तक जागच्या जागी उघडून वाचण्याची सोय असते, पण ज्याची इंटरनेट-जोडणी क्षणोक्षणी तुटते किंवा ज्याचे वाचन ब्रेल-यंत्रावर चालते, त्याला ती पुरत नाही. शिवाय छापील पानांची छायाप्रत काढून तयार केलेल्या पुस्तकात किती अक्षरे चुकली आहेत, कोणते पान गळले आहे, हे पुस्तक उघडल्यावाचून कळत नाही. अशा रीतीने डोळस वाचकाचे नुसते चाळणे अंध वाचकाच्या खाती ‘घेतलेले पुस्तक’ म्हणून जमा होते. दोघींनी केलेले काम एकच असते. एकीच्या नावावर तीन पुस्तके लागतात, दुसरीच्या नावावर चाळीस.

समाजवादी कार्यकर्त्यांना शिधावाटपाचे तत्त्व नवे नाही. टंचाईच्या दिवसांत रास्त भावाच्या दुकानांसाठी त्यांनी मोर्चे काढले, घेराव घातले. धान्य मोजके असते आणि एकाने अधिक घेतले तर दुसऱ्याच्या ताटात कमी पडते, म्हणूनच शिधापत्रिकेवरील आकडा न्याय्य ठरतो. ब्रेल ग्रंथांच्या आणि ध्वनिफितींच्या काळात अंधांच्या ग्रंथालयांनी घातलेली मर्यादाही याच न्यायाची होती. एका मध्यम आकाराच्या कादंबरीचे ब्रेलमध्ये तीन-चार जाड खंड होतात. प्रत एकच असे, ती टपालाने एका गावी गेली की दुसऱ्या गावच्या वाचकाला थांबावे लागे. परंतु डिजिटल पुस्तक कोणी उतरवून घेतले म्हणून ग्रंथालयातून ते नाहीसे होत नाही. शंभराव्या वाचकालाही ते पहिल्या वाचकाइतकेच अखंड मिळते. जेथे वाटून संपणारे काहीच नाही, तेथे शिधा कशाचा?

ही मर्यादा कायद्याने घातली आहे, असेही नाही. अमेरिकेच्या ज्या १९९६ च्या दुरुस्तीमुळे अंधांसाठी पुस्तकाची प्रत काढण्यास लेखक-प्रकाशकांची परवानगी घेण्याची गरज उरली नाही, तिच्यात पुस्तकांची संख्या नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीत ती नाही. २०१३ साली मोरोक्कोतील माराकेश येथे संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातही ती नाही. या सर्वांनी अटी घातल्या त्या निराळ्या. प्रत पात्र व्यक्तीलाच मिळावी, तिचा व्यापार होऊ नये, ती देणाऱ्या संस्थेने काळजी घ्यावी. या अटींविषयी अंधांच्या संघटनांनी कधी फारशी कुरकुर केलेली नाही.

आणि या अटी पाळण्याची व्यवस्था बुकशेअरने आरंभापासून केलेली आहे. सभासद होण्यापूर्वी अपंगत्वाचा पुरावा द्यावा लागतो. प्रत दुसऱ्याला देणार नाही, असा करार करावा लागतो. प्रत्येक पुस्तकात कॉपीराइटची सूचना असते. ते कोणी उतरवून घेतले याची खूण त्या प्रतीतच गुंफलेली असते, व्यवहारांची नोंद ठेवली जाते आणि प्रती बाहेर कोठे फिरत आहेत का, यावर लक्ष ठेवले जाते. डोळस माणूस दुकानातून छापील पुस्तक विकत घेतो, तेव्हा यातील एकही पहारा त्याच्यामागे नसतो. एवढे पहारे बसविल्यानंतरही वर पुन्हा संख्येची मर्यादा घालावी लागते, तेव्हा तिच्या मुळाशी पुस्तकांची चिंता कमी आणि वाचकाविषयीचा संशय अधिक असतो. चोरी होऊ नये म्हणून चोराला पकडण्याची व्यवस्था करणे वेगळे आणि प्रत्येक वाचकाला संभाव्य चोर मानून त्याचे वाचन आधीच मोजून ठेवणे वेगळे.

या संशयाला इतिहास आहे. ब्राझील, इक्वेडोर आणि पॅराग्वे या तीन देशांनी जागतिक अंध संघटनेच्या मसुद्याच्या आधारे २००९ साली जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढे कराराचा प्रस्ताव मांडला. छापील पुस्तकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी पुस्तके अंधांना वाचता येतील अशा रूपात निघतात, असा अंध संघटनेचा अंदाज होता आणि या स्थितीला तिने पुस्तकांचा दुष्काळ म्हटले होते. करार व्हायला चार वर्षे लागली. या काळात अमेरिकेतील चित्रपट-उद्योगाच्या संघटनेने आणि प्रकाशकांच्या संघटनांनी या सवलतीची व्याप्ती आखूड राहावी म्हणून खटपट केली. आज अंधांसाठी दार किलकिले केले तर उद्या सगळ्यांसाठी उघडावे लागेल, ही त्यांची खरी भीती. अखेर जून २०१३ मध्ये करार झाला. जून २०१४ मध्ये त्यास अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत होता, ही गोष्ट भारतीयांना अभिमानास्पद आहे. ३० सप्टेंबर २०१६ रोजी करार अमलात आला. दार उघडले, पण आत येणाऱ्याची पावले मोजण्याची सवय गेली नाही.

कमाल मर्यादा हा शब्द महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीला परिचित आहे. १९६१ साली राज्यात कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. त्याच्या पळवाटा पुष्कळ निघाल्या, परंतु तत्त्व स्पष्ट होते. मर्यादा घालायची ती ज्याच्यापाशी फार आहे त्याच्यावर, ज्याच्यापाशी काही नाही त्याच्यावर नव्हे. ज्ञानाच्या क्षेत्रात नेमके उलटे घडले आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे टिकणारा कॉपीराइट १९९२ साली ६० वर्षांचा झाला. अमेरिकेत तो १९९८ साली ५० वरून ७० वर्षांवर गेला. मालकीची मुदत अशी वाढत जाते आणि तिच्यावर कोणी कमाल मर्यादा सुचवू लागला तर तो साहित्याचा शत्रू ठरतो. मर्यादा येते ती मात्र ज्याच्या वाट्याला पुस्तकांचा दशांशही आला नाही, त्या वाचकावर. हा भूमिहीनावर लावलेला कमाल धारणेचा कायदा होय.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. लेखकाने लेखनावर जगावे, ही मागणी समाजवाद्यांनीच करावयाची आहे. मराठीत तर हजार-दोन हजारांची आवृत्ती संपायला वर्षे लागतात आणि लहान प्रकाशकाचे पोट त्यावरच असते. त्याचे पुस्तक फुकट फिरू लागले तर नुकसान खरे आहे. पण ते नुकसान ज्याला छापील पुस्तक वाचताच येत नाही, अशा गिऱ्हाइकामुळे होत नाही. एखाद्या सभासदाने एका रात्रीत हजारो पुस्तके उतरविली, तर त्याला विचारणा जरूर व्हावी. त्यासाठी आकडा ही विचारणेची खूण असावी, भिंत असू नये. खुलासा केल्यावर मार्ग मोकळा व्हावा आणि तो खुलासा महिनाअखेरची वाट न पाहता ऐकणारे माणूस संस्थेत असावे.

याहून गंभीर अडचण संस्थांची आहे. बुकशेअरच्या आरंभीच्या पुस्तकांच्या छायाप्रती स्वयंसेवकांनी काढल्या आणि त्यांत अंध वाचक स्वतः मोठ्या संख्येने होते. पुढे प्रकाशक आपखुशीने मूळ डिजिटल फाइली देऊ लागले, त्यामुळे काम सोपे झाले, चुका घटल्या. पण जे आपखुशीने मिळते ते मर्जी फिरताच थांबू शकते. म्हणून प्रकाशकांचा विश्वास राखण्यासाठी संस्था हात आखडता ठेवतात. हा दोष त्या संस्थांच्या चालकांना देणे अन्यायाचे होईल. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिने नागरिकाचा हक्क मालकाच्या सद्भावनेवर सोपवला. सद्भावनेवर चालणारी सेवा कितीही उत्तम असली, तरी ती अखेर दानधर्मच ठरते आणि दान घेणाऱ्याने किती मागावे हे दाताच ठरवतो.

भारतात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्या सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद झाली. केंद्र शासनाने डेझी फोरम ऑफ इंडियाच्या सहकार्याने आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या तांत्रिक साहाय्याने २४ ऑगस्ट २०१६ रोजी ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू केले. ते स्वागतार्ह पाऊल होते. परंतु इंग्रजी वाचणाऱ्या अंधाला शंभराची मर्यादा आड येते, तर केवळ मराठी वाचणाऱ्या अंधाला शंभर निवडायला तरी पुस्तके हवीत. मराठी प्रकाशकांकडील पुष्कळ जुन्या पुस्तकांचा मजकूर युनिकोडपूर्व टंकांत अडकून पडला आहे. संगणकाच्या वाचकाला त्यात मराठी अक्षरे दिसत नाहीत, निरर्थक चिन्हांची रांग तेवढी दिसते. छापील पानावरून छायाप्रत काढली तर जोडाक्षरे आणि रफार चुकतात आणि कोणीतरी ओळ अन् ओळ तपासून ती दुरुस्त करावी लागते. कमाल मर्यादेवर वाद घालायचा तर आधी किमान मर्यादा हवी. वर्षाला किती मराठी पुस्तके अंधांना वाचता येतील अशा रूपात आलीच पाहिजेत, याचा किमान आकडा कोणी ठरवला आहे काय?

हा आकडा ठरविण्याचा मार्ग कठीण नाही. अमेरिकेने २००४ च्या शिक्षणविषयक कायद्याने शालेय पाठ्यपुस्तकांच्या खरेदीतच अशी व्यवस्था आणली, की प्रकाशकाने पुस्तकाची ठरावीक स्वरूपातील डिजिटल फाइल राष्ट्रीय केंद्राकडे द्यावी. तेथे ती मर्जीची बाब उरली नाही. भारतात १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा आहे. प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यावी, असे तो सांगतो. या कायद्यात एवढीच भर घालावी, की छापील प्रतीबरोबर युनिकोडमधील डिजिटल फाइलही द्यावी आणि ती सुगम्य पुस्तकालयाकडे जावी. पुस्तक डिजिटल रूपातच तयार होत असताना प्रकाशकाला याचा बोजा नाममात्र पडेल. महाराष्ट्र शासनाला तर दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. पाठ्यपुस्तक मंडळ त्याचे, साहित्य संस्कृती मंडळ त्याचे, विश्वकोश त्याचा. शासकीय अनुदानाने निघणाऱ्या आणि शासकीय खरेदीत समाविष्ट होणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर ही अट उद्या घालता येईल.

न्यायालयाने दिशा दाखवली आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला. परंतु न्यायालयाने मान्य केलेला हक्क गावापर्यंत पोहोचवण्याचे काम चळवळीचेच असते. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालये तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांतील किती ग्रंथालयांत अंध वाचकाला बसून वाचता येईल असा एक संगणक आणि मोफत मिळणारी ‘एनव्हीडीए’सारखी वाचनप्रणाली आहे, याची पाहणी पक्षाच्या तालुका शाखांनी करावी. महाविद्यालयातील युवक कार्यकर्त्यांनी आठवड्याचा एक तास मराठी पुस्तकांच्या मुद्रितशोधनाला द्यावा. आणि आमदारांनी किमान आकड्याचा प्रश्न विधानसभेत विचारावा.

१९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. मंदिर खुले झाले. आता आत येणाऱ्यांनी महिन्यातून इतक्याच वेळा दर्शन घ्यावे, असे त्या वेळी कोणी सुचवले असते, तर त्यातील अपमान कोणालाही समजावून सांगावा लागला नसता. ग्रंथालयाच्या दारातील हा अपमान मात्र अजून समजावून सांगावा लागतो.