लेकीच्या खोलीचे दार

हल्ली मुलांच्या खोलीच्या दाराला प्लायवूडची सजावट करतात. मुलीसाठी राजवाड्याची गुलाबी कमान, मुलासाठी अंतराळयान. म्हणजे तिने आत नटून बसायचे, त्याने झेप घ्यायची! मैत्रिणींनो, कमान जरूर बांधा. पण ती कशाची हवी हे लेकीला विचारा, करवत-हातोडी तिच्याही हाती द्या.

खरा प्रश्न पुढेच आहे. ज्या घरातले दार सजवले, त्या घरात तिचा वाटा किती? हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायद्याने दिला. तरीही भावाच्या मायेपोटी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ती सही आपण मागणार नाही, हे आईबापांनी आजच ठरवावे.